अटी लागू

बिल संपलं तरी यंत्र थांबलं नाही.
कर्रकर्र करत त्याची जीभ अजून वीतभर बाहेर आली
आणि हर्षालीने ती टर्रकन फाडून माझ्या हातात दिली.
"काका, कुपन. पुढच्या खरेदीला पन्नास रुपये सूट."

मी ते उजेडाकडे धरलं.
सवय.
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
मी कागद उजेडाकडेच धरत आलो.
जलचिन्ह बघायचं, तार बघायची,
कुठल्या आकड्याचं पोट फुगलंय ते बघायचं.
रोज सुटताना झडती,
डबासुद्धा उघडून दाखवायचा.
मटकीच्या रश्शात काय बुडवून नेणार होतो, देव जाणे.
आणि इथे जेल रोडच्या दुकानात
न मागता कुणी पन्नास रुपये छापून देतं
आणि दारावरचा वॉचमन वर नमस्कार करतो!

कुपनात जलचिन्ह नव्हतं.
आरपार ट्यूबलाइट दिसली, एका टोकाला काळी पडलेली.

घरी येऊन चष्मा बदलला.
नोटेवर एकच वाक्य असतं, वचनाचं.
इथे वचन वर, मोठ्या अक्षरात,
आणि खाली मुंग्यांची रांग :
किमान खरेदी नऊशे नव्व्याण्णव.
तेल, तूप, साखर, दूध वगळून.
बारा तारखेपासून सव्वीसपर्यंत.
एका बिलाला एकच.
निर्णय दुकानाचा, अंतिम.
"तेल-साखर वगळून माणूस घेतो काय?" ही म्हणाली.
"मीठ," मी म्हणालो.

ते शर्टाच्या खिशात राहिलं, चुरगळलं.
चुरगळलेला कागद मला बघवत नाही.
इस्त्री गरम केली, अलगद फिरवली
आणि डोळ्यादेखत ते काळं झालं,
तव्याच्या पाठीसारखं.
पन्नास गेले, मुंग्या गेल्या, तारखा गेल्या.
शाई नव्हतीच त्यात.
उष्णतेनं उमटलेलं, उष्णतेनंच बुडालं.
आम्ही छापलेली नोट विजारीच्या खिशात धुतली जायची,
कांद्याच्या गोणीत घाम खायची,
आणि दोरीवर वाळून पुन्हा बाजारात निघायची.

मी ते काळं पान घेऊन काउंटरवर गेलो. का, माहीत नाही.
नाकारलेला माल परत दाखवायची शिस्त असेल.
हर्षाली आधी हसली, मग ओठ दाबले.
"काका, प्लास्टिकच्या पाकिटातपण ठेवू नका, पांढरं पडतं.
ठेवायचंच नसतं हे. वापरायचं."
बावीस-तेवीस वर्षांची पोर.
माझ्या पहिल्या पगाराच्या वेळी तिचा बापही लहान असेल.

दुसरं मिळालं ते मी डायरीत ठेवलं,
वरच्या कोपऱ्यात पेनाने तारीख टाकून.
चोवीसला गेलो.
साबण, डाळ, पोहे, हिची हिंग, फिनेल.
"तेल सोडून नऊशे एकसष्ट होतात काका. अडतीस कमी."
मागे रांग. एका बाईच्या कडेवर पोर, पोराच्या हातात वांगं.
कुणीतरी घड्याळ बघितलं असणार,
मला ते न वळता कळतं.
मी हात लांबवून खोबऱ्याच्या वडीचं पाकीट उचललं.
चाळीस रुपये.
यंत्राने कुपनावरून लाल रेघ फिरवली,
क्षणभर गप्प राहिलं,
मग टीक केलं.

एक हजार एकमधून पन्नास वजा.
म्हणजे वडी फुकट आणि वर दहा रुपये.
रस्त्यात दोनदा मोजलं. बरोबर होतं.
प्रेसमध्ये हिशेब इतका गोड कधी लागला नव्हता,
तिथला एक रुपयाही माझा नव्हता म्हणून असेल.

झडती घ्यायला दारात हीच उभी.
"वडी कुणी सांगितली होती?"
"अटींनी," मी म्हणालो.
बिलाच्या शेपटाला नवं कुपन लोंबत होतं,
साठ रुपयांचं, किमान खरेदी दीड हजार.
तिने ते घेतलं, खिडकीपाशी गेली
आणि उजेडाकडे धरलं.